पुंडलिकाचा पूर्वार्ध विसरू नका

दरवर्षी १ ऑक्टोबर उजाडला की गावोगावच्या सभागृहांत शालींची उलाढाल वाढते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली हा दिवस ज्येष्ठांसाठी मुक्रर केला आणि आपल्याकडे पाहता पाहता त्याचा एक ठरीव विधी झाला. व्यासपीठावर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची रांग, शाल, श्रीफळ, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार, आणि शेवटी प्रमुख वक्त्यांचा हमखास समारोप : वृद्धांचे प्रश्न हे पाश्चात्त्यांचे प्रश्न आहेत, आपल्या संस्कृतीने ते सहस्रावधी वर्षांपूर्वीच सोडवून ठेवले आहेत. टाळ्या पडतात. अल्पोपाहार होतो. ज्यांचा सत्कार झाला ते शाल सांभाळत रिक्षा शोधू लागतात.

हा समारोप असत्य आहे. आणि तो सर्वाधिक वेळा आपल्याच विचारांच्या व्यासपीठांवरून केला जात असल्यामुळे, तो असत्य आहे हे सांगण्याचे दायित्वही आपल्यावरच येते. ते विरोधकांनी सांगितले की आपण त्याला संस्कृतीवरचा आघात म्हणतो आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटी ३८ लाखांच्या घरात होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ९.९ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. २०५०पर्यंत देशातील दर पाच माणसांमागे एक माणूस साठीच्या पुढचा असेल, असा अंदाज आहे. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढील सुमारे ७२ हजार भारतीयांची घरोघर जाऊन पाहणी केली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या भाषणबाज मंडळींनी तो वाचलेला दिसत नाही. या पाहणीनुसार सुमारे एक चतुर्थांश ज्येष्ठ मुलांविना, एकटे किंवा जोडीदारासह राहतात. दर चार ज्येष्ठांपैकी तिघांना एक ना एक दीर्घकालीन व्याधी आहे. पण त्या अहवालातील मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. आई-वडिलांच्या चरितार्थासाठी या देशात एक स्वतंत्र कायदा आहे, हे ठाऊक असलेल्या ज्येष्ठांचे प्रमाण अवघे १२ टक्के!

कायदा २००७चा. म्हणजे पाहणीच्या वेळी तो दहा वर्षांचा झाला होता. त्याच कायद्याच्या २१व्या कलमाने राज्य शासनावर असे बंधन घातले आहे की, त्यातील तरतुदींना वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी यांतून व्यापक प्रसिद्धी द्यावी आणि पोलीस व न्यायिक अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे. दहा वर्षांच्या प्रसिद्धीचे फलित बारा टक्के. शासनाचे अपयश उघड आहे. परंतु शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. ज्या समाजात कीर्तनकार, प्रवचनकार, ग्रंथालये, गणेशोत्सव मंडळे, व्याख्यानमाला आणि आपल्या शाखा-उपक्रमांचे एवढे विस्तृत जाळे आहे, त्या समाजातील वृद्धांना स्वतःच्या हक्काचा कायदा ठाऊक नसावा, याचा अर्थ एकच. तो कळू नये अशी आपलीच मनोमन इच्छा होती.

कडवट वाटेल, पण असेच आहे. या कायद्याविषयी बैठकीत कोणी बोलू लागले की एक ज्येष्ठ कार्यकर्ते हमखास म्हणतात, "अहो, आई-बाप आणि मुलगा यांच्यात कोर्टकचेरी आणायची? ही अमेरिका आहे का?" सगळे माना डोलावतात. विषय संपतो.

या युक्तिवादाचा समाचार एकदा नीट घेतला पाहिजे. कारण तो संस्कृतीच्या नावाने केला जातो, पण संस्कृतीशी त्याचा संबंध नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जनपदनिवेशाचे प्रकरण आहे. नवी वसाहत कशी वसवावी, रस्ते, पाणी, गोचर, कर यांची व्यवस्था कशी करावी, अशा व्यवहारी विषयांच्या मधोमध आचार्य लिहून ठेवतात की, सामर्थ्य असूनही जो माता-पिता, पत्नी, अपत्ये, अज्ञान भावंडे, अविवाहित व विधवा बहिणी यांचे पोषण करत नाही त्याला बारा पणांचा दंड करावा. इतकेच नव्हे, तर पत्नी-पुत्रांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्यासही दंड सांगितला आहे. ध्यानात घ्या, येथे परलोकातील नरकयातनांची भीती घातलेली नाही. रोख दंड आहे, तोही राजाचा. आपल्या पूर्वजांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. मातृभक्ती हा आदर्श आहे आणि आदर्श पाळले जात नाहीत तेव्हा दंडशक्ती लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

अर्थशास्त्र दूरचे वाटत असेल तर पंढरपूरला चला. विठ्ठल विटेवर का उभा आहे, हे मराठी घरातील पोराला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता, देव दारी आला तरी तो उठला नाही, वीट भिरकावून थांब म्हणाला. या उत्तरार्धावर आपण अभंग गातो, देखावे उभारतो. पण कथेला पूर्वार्धही आहे. हाच पुंडलिक आई-वडिलांना छळणारा होता. काशीयात्रेच्या वाटेवर स्वतः पत्नीसह घोड्यावर बसून म्हाताऱ्यांना पायी चालवणारा होता. कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याला जाग आली आणि मग तो पालटला. वारकरी परंपरेने हा पूर्वार्ध झाकून ठेवलेला नाही. लोकांसमोर, कीर्तनात, उघडपणे सांगितला आहे. मराठी मुलखातील सर्वांत मोठ्या दैवताची कथा मुलाने केलेल्या छळाच्या कबुलीपासून सुरू होते, आणि आपण मात्र म्हणतो, आपल्यात असले काही घडतच नाही!

आधुनिक हिंदू कायद्यानेही हे झाकलेले नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाचे २०वे कलम वृद्ध, असमर्थ माता-पित्यांच्या पोषणाची जबाबदारी पुत्र आणि कन्या दोघांवर टाकते. १९८७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित कन्येलाही पित्याच्या निर्वाहाचे उत्तरदायित्व आहे, असा निर्वाळा दिला. तेव्हा २००७चा कायदा हे परदेशातून आलेले रोपटे आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच मातीचा इतिहास पुन्हा चाळावा.

आणि लातूरची गोष्ट तर ताजी आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला की, जो कर्मचारी आई-वडिलांना वाऱ्यावर सोडेल त्याच्या वेतनातून ३० टक्के कापून ती रक्कम थेट त्यांच्या खात्यावर जमा करावी. पुढे बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी पुढे आल्या आणि त्यांतील सात जणांच्या वेतनातून कपात झाली. तक्रारी ज्यांच्याविरुद्ध होत्या त्यांत शिक्षकही होते. फळ्यावर श्रावणबाळाची गोष्ट लिहिणारे शिक्षक! दारिद्र्यामुळे नाइलाज झाला, ही सबब येथे चालत नाही. ठरावीक तारखेला वेतन जमा होणारी ही घरे आहेत, आपल्यासारखीच. (आसामने २०१७ साली याच स्वरूपाचा कायदा राज्य कर्मचाऱ्यांसाठी केला. तेथे शासन भाजपचे होते, आणि संस्कृती बुडाल्याचे ऐकिवात नाही.)

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकवले पाहिजे. आपल्याकडील पुरोगामी मंडळींना एकत्र कुटुंब म्हणजे जुलमाचे आगर वाटत आले. चार दशके त्यांनी लेखांतून, नाटकांतून, परिसंवादांतून त्याचे वाभाडे काढले. कुटुंब मोडले तर म्हाताऱ्यांचे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले : शासन पाहील. शासनाने कसे पाहिले? कायद्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. पण शब्दयोजना पाहा. शासन तो स्थापन 'करील' असे लिहिलेले नाही, 'करू शकेल' असे आहे. मराठी व्याकरणात हा एका क्रियापदाचा फरक आहे. जिल्ह्यातील निराधार म्हातारीच्या लेखी तो छपराचा फरक आहे. तेव्हा कुटुंबावर कुऱ्हाड चालवून शासनाच्या दारी नेऊन सोडणारा विचार जितका घातक, तितकाच कुटुंबाचे गोडवे गात आत काय चालले आहे ते न पाहणारा आपला विचारही घातक. फरक एवढाच की, पहिल्याविरुद्ध आपण रोज लिहितो.

बाजारपेठेला मात्र वृद्ध दिसू लागले आहेत. ज्येष्ठांच्या निवासी प्रकल्पांच्या पानभर जाहिराती येतात. हिरवळ, योगवर्ग, दारात रुग्णवाहिका. पैसे असणाऱ्यांनी तेथे आनंदाने जावे, त्यात वावगे काही नाही. पण त्या जाहिरातीतील हसतमुख दांपत्य म्हणजे महाराष्ट्रातील वृद्ध नव्हेत.

सहली आणि सत्याग्रह

प्रश्न असा की, वृद्धांच्या बाजूने बोलायचे कोणी? महाराष्ट्राला या बाबतीत मोठे पुण्य लाभले आहे. देशात अन्यत्र क्वचितच आढळेल असे ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे येथे आहे. या संघांचा महासंघ, म्हणजे फेसकॉम, १९८०पासून कार्यरत आहे. गल्लोगल्ली कट्टे आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, वाढदिवस साजरे होतात, सहली निघतात. एकटेपणावर हा उतारा मोलाचा आहे आणि त्याची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. तथापि ज्या संघात दोनशे सभासद आहेत, त्यांत निवृत्त तहसीलदार आहे, बँकेचा व्यवस्थापक आहे, मुख्याध्यापिका आहे, परिचारिका आहे, एखादा न्यायालयीन शिरस्तेदारही आहे, तो संघ वर्षाकाठी एकही निवेदन अभ्यास करून देत नाही, प्रभागातील एकट्या वृद्धांची साधी यादी करत नाही, तेव्हा त्याला काय म्हणावे? एवढी विद्या, एवढा अनुभव, आणि चर्चा कोजागरीच्या मसाला दुधाची!

अमेरिकेला आपण व्यक्तिवादाचे माहेरघर म्हणतो. तेथे १९४७ साली एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने निवृत्त शिक्षकांची संघटना उभी केली. निमित्त काय, तर तिची एक निवृत्त शिक्षक-भगिनी चक्क कोंबड्यांच्या खुराड्यात दिवस कंठताना तिला आढळली. त्या बाईने हळहळ व्यक्त करून घरचा रस्ता धरला नाही. निवृत्तांना कोणी आरोग्य विमा देत नव्हते, तो मिळवण्यासाठी ती कंपन्यांची दारे झिजवत राहिली. १९५८ साली तिने सर्वच निवृत्तांसाठी 'एएआरपी' ही संघटना स्थापन केली. आज तिचे सभासद साडेतीन कोटींहून अधिक आहेत. ती स्वतःचे संशोधन करते, सभासदांना शिकवते, आणि कायदेमंडळापुढे आकडे घेऊन उभी राहते. तिच्या सर्वच भूमिका आपल्याला रुचतील असे नाही. पण तिथला राजकारणी वृद्धांना शाल देऊन परतवू शकत नाही, हे खरे.

आपल्याकडे काय घडते? ज्येष्ठांना जे मिळते ते मागून मिळत नाही, देणाऱ्याला जे द्यावेसे वाटते ते मिळते. २०२२ साली पंचाहत्तरीपुढील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. २०२४ साली तीर्थदर्शन योजना आली, वयोश्री योजनेतून साहित्यासाठी एकदाच तीन हजार रुपये आले. यातील काही वाईट नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने सत्तरीपुढील प्रत्येक भारतीयाला, उत्पन्नाची अट न घालता, पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कवच दिले. हे पाऊल तर निःसंशय ऐतिहासिक आहे. पण रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च म्हणजे वार्धक्याचा संपूर्ण खर्च नव्हे. दररोजच्या गोळ्या, अंथरुणाला खिळलेल्याची सुश्रूषा, रात्रीची आया, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसावर अष्टौप्रहर लक्ष ठेवणे, हे सारे रुग्णालयाच्या बाहेर घडते आणि तेथे कवच नाही.

आणि निवृत्तिवेतन? दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २००७ सालापासून दरमहा दोनशे रुपये आहे, ऐंशीपुढे पाचशे. राज्य स्वतःची भर घालून ती रक्कम दीड हजारांवर नेते, पण केंद्राचा दोनशेचा आकडा काही हललेला नाही. दिवसाला सहा-सात रुपये पडतात. महाराष्ट्रातील योजनेला नाव श्रावणबाळाचे. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली गेली ती २१ हजार रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५०. ज्या घरात एक माणूस महिन्यातून आठ दिवस रोजगाराला जातो, ते घरही प्रामाणिकपणे दाखला मागू लागले तर या मर्यादेबाहेर जाईल. मग दाखला कसा मिळतो, हे ग्रामीण भागातील कार्यकर्त्याला मी सांगायला नको. गरीब म्हाताऱ्याला आयुष्याच्या शेवटी खोटे बोलायला लावणारी ही अट आहे, आणि तिला श्रावणबाळाचे नाव आहे.

खासगी व सहकारी क्षेत्रातून निवृत्त झालेल्यांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ साली एक हजार रुपये ठरले. साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांतून तीस-तीस वर्षे घाम गाळलेली ही माणसे. बुलढाण्यात २०१८च्या डिसेंबरात त्यांनी साखळी उपोषण आरंभले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. थंडीत, उन्हात, मंडपात सत्तरीची माणसे. त्यांच्या मंडपाला आपल्यापैकी किती जणांनी भेट दिली? रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० व महिलांना ५० टक्के, मार्च २०२०मध्ये महासाथीच्या कारणाने थांबवली गेली. महासाथ ओसरली, गाड्या ओसंडून वाहू लागल्या, सवलत परतली नाही. पंढरीला, काशीला, मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आजीच्या पदरचे ते पैसे होते.

येथे वाचकांपैकी काहींच्या भुवया उंचावतील. शासन आपल्या विचारांचे असताना हे लिहावे का? अवश्य लिहावे. शासन आपल्या विचारांचे आहे म्हणूनच लिहावे. १९९९ साली ज्येष्ठ नागरिकांचे पहिले राष्ट्रीय धोरण आले ते अटलजींच्या काळात. महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली ती युती शासनाच्या काळात. २०१९च्या डिसेंबरात मोदी शासनाने चरितार्थ कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. दरमहा दहा हजारांची कमाल मर्यादा काढून टाकणारे आणि 'अपत्य' या व्याख्येत सून-जावई आणणारे ते विधेयक होते. संसदीय समितीकडे गेले, अहवाल आला, आणि १७वी लोकसभा विसर्जित होताच २०२४ साली ते व्यपगत झाले. कोणी हळहळले? एका तरी ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या खासदाराला दारात अडवून विचारले का, की आमच्या विधेयकाचे काय झाले? कोणी विचारले नाही म्हणून ते मेले. विरोधकांनी ते मारले नाही.

बक्षीसपत्रापूर्वी

आता घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण मध्यमवर्गीय वाचकाला सर्वांत निकट तीच आहे. वृद्धांच्या हालांची सुरुवात पुष्कळदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. मुलगा म्हणतो, "बाबा, पुढे मुद्रांक शुल्क वाढेल, आत्ताच करून टाकू." बाबा बक्षीसपत्रावर सही करतात. आई हक्कसोडपत्रावर अंगठा वा सही करते. घरी येताना पेढे घेतले जातात. तीन वर्षांनी त्याच घरात आईची खाट बाल्कनीत गेलेली असते.

२००७च्या कायद्याच्या २३व्या कलमात यावर औषध आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. पण येथेच मेख आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, केवळ मुलगा आता पाहत नाही एवढे पुरेसे नाही. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबाही परत देववला. तेथे आईच्या बाजूने लेखी हमी होती, हे विसरू नये. तेव्हा तात्पर्य व्यवहारी आहे. द्यायचेच असेल तर मृत्युपत्राने द्या. हयातीत देणे अटळच असेल तर अन्न, औषध, निवारा आणि सन्मानाने वागवण्याची अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मुलावर अविश्वास दाखवणे वाईट दिसते, असे जिला वाटते त्या आईला समजावून सांगण्यासाठीच कार्यकर्ता असतो.

आणि अर्ज करणे कठीण नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. वकील असावाच लागतो असे नाही. स्वतः जाणे शक्य नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. चरितार्थाचा निर्णय ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला ज्याला आपली मालमत्ता मिळणार त्या नातलगाकडून चरितार्थ मागता येतो. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक २०२१पासून आहे. या परिच्छेदातील मजकूर एका बाजूच्या पत्रकावर मावतो. गणपतीच्या मंडपात, देवळाच्या ओसरीवर, बँकेत पासबुक भरायच्या रांगेत तो का लागू नये?

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. या कायद्याची तलवार सुनेच्या मानेवर चालवण्याचा उद्योगही झालेला आहे. मुलाचे आणि सुनेचे बिनसले की सासू-सासऱ्यांना पुढे करून सुनेला घराबाहेर काढायचे! डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला पायबंद घातला आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला मिळालेला निवासाचा हक्क या मार्गाने हिरावता येणार नाही, असे सांगितले. ते योग्यच झाले. मातृ-पितृभक्तीवर भाषण करणारा मुलगा सकाळी कार्यालयात निघून जातो, आणि सासऱ्यांचे अंथरूण बदलणे, पथ्याचे जेवण, विसरभोळ्या सासूचे तेच ते प्रश्न, हे सारे ती सून दिवसभर करत असते. हे कामही नोकरी सांभाळून. सेवा ही तिची आणि पुण्य ह्याचे, असा हिशेब आपल्या घराघरांत आहे. देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाख माणसे. त्या प्रत्येकामागे घरातील एक बाई थकत असते, आणि त्या बाईची गणती कोणत्याही योजनेत नाही.

संघशताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विषय घरोघरी गेला. त्यातील कुटुंब प्रबोधनात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करावे, गप्पा माराव्यात, असा आग्रह आहे. तो स्तुत्य आहे. पण त्या भोजनात आजोबांचे ताट कोठे वाढले जाते, ते पंक्तीत की आतल्या खोलीत, हे पाहणे हाच प्रबोधनाचा पहिला पाठ असला पाहिजे. जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत बसणाऱ्या कार्यकर्त्याला हे सहज शक्य आहे. चाकाची खुर्ची, पलंग, वॉकर नेणाऱ्याचा पत्ता त्याच्या वहीत असतो. प्रत्येक पत्ता म्हणजे एक वृद्ध. साहित्य परत आले की नाही यासाठी आपण दूरध्वनी करतो. ज्याने ते वापरले तो कसा आहे, त्याच्याशी घरात कोण बोलते, निवृत्तिवेतनाचे पुस्तक कोणाकडे आहे, हे विचारायला त्याच दूरध्वनीत दोन मिनिटे लागतील. दहा केंद्रांनी वर्षभर ही उत्तरे नोंदवली, नावे गुप्त ठेवून त्यांची मांडणी केली, तर जिल्हाधिकाऱ्यापुढे ठेवण्यासारखा कागद तयार होईल. संशोधन म्हणतात ते याहून फार वेगळे नसते. निवृत्त प्राध्यापक आपल्याकडे थोडे नाहीत.

केंद्राने या कायद्याखाली राज्यांना जे आदर्श नियम दिले, त्यांत पोलीस ठाण्यांचे कर्तव्य सांगितले आहे. प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची अद्ययावत यादी ठेवावी, आणि महिन्यातून किमान एकदा पोलिसाने, शक्यतो एखाद्या समाजसेवकाला अथवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन, त्यांच्या घरी भेट द्यावी. नियमातला शब्द 'स्वयंसेवक' असाच आहे. आपल्या नगरातील पोलीस ठाण्यात जाऊन ही यादी आहे का, शेवटची भेट कोणत्या तारखेला झाली, हे विचारणाऱ्या पहिल्या दहा नगर कार्यवाहांची उत्तरे या साप्ताहिकाकडे यावीत, ती याच पानावर छापली जातील. यादी नसेल तर तसेही छापू.